बाराच्या आधीचा होकार

मी मान हलवली ती शालूकडे बघून. दारात उभी राहून तिनं कपाचा कान धरल्यासारखी बोटं वळवली होती, भुवया वर केल्या होत्या. आणू का, एवढंच. चातुर्मासात सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढा वेळ शालू माझ्याशी हातांनी बोलते, आणि खरं म्हणजे बारानंतरही तिला ते हातवारे सोडवत नाहीत. मी मान हलवली. आण. नेमकं त्याच वेळी टेबलाच्या त्या टोकाकडून आमच्या मालकांनी, खुशालभाऊंनी, काहीतरी विचारलं होतं, आणि ते विचारणं माझ्या कानापर्यंत पोचायच्या आत माझं उत्तर त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचलं होतं. "झालं मंग!" टेबलावर थाप मारून ते म्हणाले. "ताईचं बी हो आहे. आता कोनाचं काई नाही ना?" त्यांच्या भाच्यानं, सोहमनं, लॅपटॉप मिटला. मी हात वर केला. थांबा, असं त्या हाताला म्हणायचं होतं. खुशालभाऊंनी तो बघितला, घाईघाईनं स्वतःचे दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "तुमचा आशीर्वाद तर पाह्यजेच ताई." आणि खुर्च्या सरकल्या. शालू चहा घेऊन आली तेव्हा खोलीत मी एकटीच होते, हात अजून टेबलाच्या वर, अर्धवट उचललेला.

आता अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून मी तोच हात बघते आहे. मांडीवर पडलाय, पर्सच्या बंदावर. त्यात फोन, फोनवर कारखान्याच्या ग्रुपवर आलेली सोहमची ओळ: यापुढे आपल्या सगळ्या मालात एकच मायक्रोकंट्रोलर, निर्णय सर्वानुमते, चारुशीलाकाकूंचीही संमती. खाली अंगठे. कितीतरी अंगठे. पॅकिंगमधल्या माणसानंही दिलाय, ज्याला ही चिप आणि ती चिप यांत फरक असतो हे माहीत असायचं कारण नाही. सर्वानुमते. शब्द कसा गुळगुळीत आहे, हातातून निसटतो. त्यात मी आहे आणि नाही. बस मूर्तिजापूरच्या स्टँडवर शिरते आहे, कंडक्टर दारावर चापट मारतो आहे, शेजारची बाई पिशवीतून संत्र्याच्या गोळ्या काढून मला देते आहे, आणि मी नको म्हणून मान हलवते, आणि ती माझ्या तळहातावर दोन गोळ्या ठेवते. माझी मान काय म्हणते ते कुणालाच कसं कळत नाही? की मान हलवायचीच मला येत नाही?

अकोल्याच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि पुढं दोन खोल्या. दालमिलच्या मोटारींचे कंट्रोलर आम्ही बनवतो, शेतातल्या पंपाचे, आणि आता शाळांसाठी मुलांनी शिकायचे किट. प्रत्येकाच्या पोटात एक चिप, नखाएवढा काळा चौकोन, कडेनं पाय फुटलेला. त्यात आपण जे लिहून ठेवू ते तो करतो, मरेपर्यंत करतो. आजवर प्रत्येक मालाची चिप वेगळी होती, ज्या त्या वेळी बाजारात मिळाली ती. त्यामुळं एक आली तर दुसरी नाही, आणि शालू नि तिच्यासोबतच्या बाया बेंचवर रिकाम्या बसायच्या. खुशालभाऊंचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. "एकच पाहा ताई, सगळ्याले चालनारी. जनरल पर्पज का काय म्हनता तुमी तिले. पंपाले बी तीच, मिलले बी तीच, पोट्टयाईच्या खेळन्याले बी तीच." आणि हसून पुढं: "आपल्या ताईसारखी. कोड बी लिवते, टेस्टिंग बी करते, गिर्‍हाइकाचा फोन बी घेते, गनपतीत मोदक बी तिच्याच हातचे." सगळे हसले होते. मीही. मौन बाराला सुटून गेलेलं होतं, मला बोलता आलं असतं, आणि मी हसले होते.

मग मी पाहायला लागले. चिपच्या माहितीचं पुस्तक शेकडो पानांचं असतं. मी ते पोथीसारखं वाचते, आज एवढा अध्याय, उद्या एवढा, मध्ये सोडायचं नाही. सौमित्रांना, माझ्या नवऱ्याला, त्याची गंमत वाटते. ते वकील आहेत, अमरावतीच्या कोर्टात, आणि कागद मधूनच उघडून हवी ती ओळ काढतात. पहिल्या पानावर चिप सगळं काही असते. वेगवान, काटकसरी, सर्वगुणसंपन्न, स्थळ सांगून यावं तशी. खरं काय ते मागं असतं, बारीक अक्षरात, कंपनीनं स्वतःच कबूल केलेल्या दोषांत. ते वाचताना मला नेहमी त्या कंपनीविषयी थोडी माया वाटते. निदान सांगितलं तरी. सोहम पुण्याहून शिकून आला, त्यानं आणलेली चिप झगझगीत होती. वायफाय तिच्या पोटातच. शेतकऱ्यानं घरी बसून फोनवरून पंप सुरू करावा, मिलच्या मालकानं लग्नाच्या पंगतीत बसून मोटार बघावी. शाळांच्या किटसाठी मला ती मनापासून आवडली, तसं मी म्हणालेही. मी निवडलेली दुसरी होती, साधी, पाच व्होल्टची. फार काही न येणारी. वीज आली की ती आधी गप्प बसते, तिचे सगळे पाय गप्प असतात, आणि सांगितल्याशिवाय एकही पाय हलत नाही. मोबाईलचं काम दुसऱ्या छोट्या कार्डाला द्यावं आणि मोटार हिच्याकडे राहू द्यावी, असं माझं म्हणणं. सोहम माझ्याकडे जरा बघत राहिला होता. काकूंना स्वतःसारखीच आवडली, असं त्याच्या मनात आलं असणार. माझ्याही आलं होतं, आणि त्याचाच राग आला होता. मी गप्प असते म्हणून गप्प चिप मला आवडते, असं नव्हतं ते. तिचा गप्पपणा उपयोगाचा होता. माझा कुणाच्या उपयोगाचा होता?

ते टक् मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पाल. बेंचवर सोहमच्या चिपचा नमुना बोर्ड ठेवला होता, रिले, म्हणजे विजेनं दाबलं जाणारं छोटं बटण, लावून मी वीज बंद करत होते आणि चालू करत होते. आमच्याकडे लाइन जाते आणि येते, तसंच. चालू केलं की, चिप नीट जागी व्हायच्या आधीच, एक पाय उसळायचा. डोळ्याचं पातं लवेपर्यंत. आणि त्या पायाला बांधलेला रिले म्हणायचा, टक्. मग सगळं शांत, मग चिप जागी होऊन शहाण्यासारखी वागायची. पुन्हा बंद, पुन्हा चालू, टक्. सोहमच्या टेबलावर रिले नव्हता, बारीक लाल दिवा होता. तो एकदा लुकलुकायचा आणि त्याला ते छान वाटायचं, बोर्ड डोळे उघडतोय जसा. पण दालमिलचा स्टार्टर हिरव्या बटणाचा असतो. हिरवं एकदा टेकवलं की तो स्वतःला धरून ठेवतो, लाल दाबेपर्यंत सोडत नाही. आमचा रिले त्या हिरव्या बटणाच्या जागी बसतो. म्हणजे लाइन आली की कुणीही न दाबता बटण दाबलं जाणार, आणि मोटार सुरू होणार, आणि पट्टा.

शालू तेव्हा शेजारी डाग देत होती. "ताई, आपोआपच वाजलं काय?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती मान तिला समजली. मी पट्ट्याची खूण केली, हात गोल फिरवला. आणि ती हसली. तिचा नवरा, संघपाल, एका दालमिलमध्ये मशीनवर आहे. "आमचे हे तर लाइन गेली की हातच घालतेत पट्ट्यात. दाळ अडकली, पोतं अडकलं, तवाच काढतेत. म्हनतेत, चालू असताना टाइम कोठी भेटते? मी म्हनलं, मेन स्विच तं पाडत जा. तं म्हनतेत, लाइनच नाही तं स्विच काय पाडाचा?" आणि पुन्हा डाग द्यायला लागली, धुरापासून डोळे मिटून, ओठांवर ते हसू तसंच. मला संघपालचे हात आठवत होते. शालूला न्यायला तो फाटकाशी येतो, स्कूटरच्या हँडलवर ते असतात, मोठे, डाळीच्या भुकटीनं पिवळट. मी वीज बंद केली. चालू केली. टक्.

आज बारा वाजता मी तीनदा नाम घेतलं, जसं रोज घेते, पहिला शब्द देवाचा असावा म्हणून, आणि चौथा शब्द बोलायला खुशालभाऊंच्या खोलीत गेले, तर ते गेले होते. फोन लावला. मागं ट्रकचे आवाज.

"भाऊ, ती मान मी चहाला हलवली."

"काय?"

"चहाला. शालूनं विचारलं होतं मला."

ते इतके हसले की फोन दूर धरावा लागला. "ताई, तुमी बी ना! मंग भेटला का नाही चहा?"

"भाऊ, ती चिप मिलच्या कंट्रोलरला नको. लाइन आली की ती..."

"आवाज येऊन नाही राहिला ताई. मोठ्यानं बोला जरासक."

मी मोठ्यानं बोलले. माझं मोठ्यानं. खोलीतून जाणाऱ्या कुणी मागं वळूनही पाहिलं नाही.

"सोहमशी बोला तुमी," ते म्हणाले. "त्याले समजते ते. उद्या सकाळी ऑर्डर टाकाची आहे, वर्षाचा माल आहे, चिपवाल्याईनं भाव बारा वाजेपर्यंतच धरून ठेवला. आन ताई, सगळ्यायनं पाह्यलं ना तुमी मान हलवली ते. आता मी पलटलो तं पोरगं काय म्हनंन?"

पोरगं माझ्यासमोरच होतं. "काकू, पण तुम्ही मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं ना," सोहम म्हणाला. अगदी सौजन्यानं. मी म्हटलं, मीटिंग अकराची कुणी ठेवली? "मामा तेव्हाच मोकळे होते. आणि तुमचं मौन असतं हे खरंच डोक्यात नाही आलं, सॉरी." खरंच नसेल आलं. हेच तर. कुणी मुद्दाम केलं असतं तर रागाला एक तोंड मिळालं असतं. मी टक् विषयी सांगितलं. तो म्हणाला, प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत पाय गप्प करून टाकतो, सॉफ्टवेअरमध्ये होऊन जाईल. मी म्हटलं, बाळा, पहिली ओळ यायच्या आधी वाजतं ते. झोपेत हात उडाला तर सॉफ्टवेअर काय करणार? मग दुसरा पाय घे, सुरुवातीला न उसळणारा. "तसे पाय संपले काकू. स्क्रीन आहे, मेमरी आहे. आणि तेवढ्याशा मिलिसेकंदात काय होतंय?" बटण दाबायला तेवढंच लागतं, मी म्हटलं. तो हो म्हणाला. "नोट करतो." आणि कानात इअरफोनचं ते पांढरं बोंड घातलं.

घरी आले तेव्हा सौमित्र व्हरांड्यात पक्षकाराला निरोप देत होते. देवाजवळ दिवा लावला, स्तोत्र म्हटलं, स्तोत्रात दोन ओळी सुटल्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पोळ्या करताना त्यांना सगळं सांगितलं. ते ओट्याला टेकून ऐकत होते, पोळीचा पापुद्रा तोडून तोंडात टाकत. "कोर्टात हरशील चारू," ते शेवटी म्हणाले. "मौनं संमतिलक्षणम्. आणि तू तर वर मान हलवलीस. साक्षीदार किती?" मी म्हटलं, चहाला हलवली. "हेतू कुणाला दिसतो? कृती दिसते." मग माझा चेहरा बघून, "अगं, गंमत केली. लिहून पाठव ना ग्रुपवर. रीतसर." मी लिहिलं. लांब लिहिलं, पट्टा आणि हिरवं बटण आणि लाइन, सगळं. सोहमनं अंगठा दिला. खुशालभाऊंनी जोडलेले हात. पॅकिंगवाल्यानं फूल.

मौन माझं नाही, आईचं आहे. अकोल्याला, जुन्या शहरात, ती जेवताना बोलायची नाही. वडील विचारायचे, मीठ बरोबर आहे का, आणि ती वाटी ताटावर आपटायची, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एकदाचीच आम्हा भावंडांना जास्त ऐकू आली. दोनदाची कधीतरी आली की वडील म्हणायचे, काय वाटी वाजवते आहेस, जेव. मी इंजिनीअरिंगला अमरावतीला आले, तोंडी परीक्षेला बाहेरचे मास्तर होते, त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं, बरोबर दिलं. त्यांनी वर न बघता विचारलं, येत नाही? आणि शेजारच्या आमच्या सरांनीही मान खाली घातली, जशी मी चुकले होते. मी पुन्हा सांगितलं. "जोरात बोल, जोरात, इथं काय देवळात आलीस का?" आणि त्यानंतर मला ते उत्तर खरोखरच आठवेना. नंतर कितीतरी ठिकाणी हेच झालं, वेगळ्या खोल्यांत. मी सांगायची, ते ऐकलं जायचं नाही, मग दुसरं कुणीतरी तेच सांगायचं आणि लोक म्हणायचे, अरे वा. यंदा आषाढी एकादशीला मी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला तेव्हा मन कसं हलकं झालं होतं. वाटलं, पुण्याची सुरुवात झाली. आता मला वेगळं वाटतं आहे. ज्याला कुणी विचारत नाही त्यानं न बोलण्याचा नेम घेतला, तर त्यानं सोडलं काय? उपाशी माणसानं एकादशी धरावी तसं हे. बोलूनही ऐकत नाहीत, तर न बोलण्याला निदान देवाचं नाव तरी असावं, असा माझा व्यवहार होता का? अंबादेवीसमोर डोळे मिटून उभी राहते तेव्हा मी कधी हे तिला सांगितलेलं नाही. तिला विचारायची वेळ आली की पुजारी पुढं व्हा म्हणतात.

आणि शालू एकदा म्हणाली होती, श्रावणातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, विहारातला, पांढऱ्या साडीतला फोटो मला दाखवत, "ताई, आमच्यात बी शील घेतेत. म्या आठी घेतले काल. पन बोलाले बंदी नाही आमच्यात, खोटं बोलाले आहे." आणि खो खो हसली होती, "तुमचं सोपं आहे ना ताई, बोलाचंच नाही तं खोटं कोठून निघन?" मीही हसले होते, बाराच्या आत होतं म्हणून तोंड दाबून. काल मात्र निघालं. माझ्या मौनानं एक अख्खं खोटं बोलून ठेवलं, आणि ते आता ग्रुपवर आहे, अंगठ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याची एसटी. मौन. बडनेऱ्याच्या पुढं कपाशीची शेतं, त्यावर बारीक धुकं. व्रत मोडलं तर काय होतं, हे मी मनाशी नीट मांडून पाहत होते. उद्यापन होणार नाही. फार तर ब्राह्मणाला विचारून प्रायश्चित्त. आईला सांगावं लागणार नाही, ती नाही. पण संकल्प सोडताना पाणी हातातून ताम्हनात गेलं होतं, ते परत हातात येत नाही. मी दिलेला शब्द मोडणारी बाई नाही, हे माझ्याजवळ एवढंच एक होतं. आवाज नव्हता, हे होतं. ते टाकायचं कशासाठी, एका पायाच्या उसळीसाठी? जी उद्या कदाचित सोहमच्याही लक्षात येईल? कदाचित कुणाचाही हात त्या वेळी पट्ट्यात नसेल. कदाचित. आणि समजा मी बोलले, तर काय होणार होतं? काल बारानंतर बोलले, तेव्हा काय झालं? व्रत जाणार आणि चिपही येणारच. हा विचार आला आणि मला एकदम इतका संताप आला की पुढच्या सीटची दांडी मी घट्ट धरली. हा विचार करण्यातच माझं सगळं आयुष्य गेलं होतं.

कारखान्यात पोचले तर खुशालभाऊ आज धुतलेल्या सदऱ्यात. सोहमच्या टेबलावर लॅपटॉप उघडा, त्यावर ऑर्डरचं पान, आणि लॅपटॉपला हळदीकुंकवाचं एक बोट ओढलेलं. शेजारी झेंडूचं फूल. मागच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर धडधडत होता. "या ताई, तुमचीच वाट पाहून राहिलो," खुशालभाऊ म्हणाले, आणि खुर्ची मागं सरकवली. "पहिल्यांदाच इतका माल एका झटक्यात घेऊन राहिलो. तुमच्या हाताले यश आहे. तुमीच दाबा." त्यांच्या डोळ्यांत खरा भाव होता. माझ्या नेमांवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. "बोलाचं काई कामच नाही ताई. नुसतं बोट टेकवा." सोहमनं माउस माझ्याकडे वळवला. शालू डब्यातून पेढे काढत होती.

मला काही बोलावं लागणारच नव्हतं. मौन अख्खं राहणार होतं, आणि माझं बोट.

"नाही," मी म्हणाले.

आवाज सकाळपासून वापरलेला नव्हता, तो घोगरा निघाला, दुसऱ्याच कुणाचातरी. शालूच्या हातातला पेढा डब्यात पडला.

"अरे बापरे!" खुशालभाऊ उठून उभे राहिले. "ताई! मौन मोडलं ना तुमचं!"

"काकू, अजून बारा नाही वाजले," सोहम घड्याळाकडे बघत म्हणाला, जसं मला वेळ चुकल्यामुळं झालं होतं.

"शालू, पानी आन ताईले. चुकून निघालं तोंडातून, चुकून. त्याले दोष नसते. नसते ना ताई? देवापुढं दिवा लावा घरी जाऊन. कोनाले सांगू नका रे, ग्रुपवर बी नाही टाकाचं."

"भाऊ, ही चिप..."

"नका बोलू, नका बोलू! अजून नका बोलू तुमी. एकडाव मोडलं ते चुकून म्हनता येते." त्यांनी खरोखर माझ्यापुढं हात धरला, वाहनाला थांबवावं तसा. मग लॅपटॉपकडे वळले, कपाळाला हात लावला. "सोहम, राहू दे आज. ऑर्डर नको टाकू."

"मामा, भाव बारापर्यंतच आहे."

"गेला तं गेला भाव. इथं व्रत मोडलं बाईचं, पयल्याच पावलाले. आज दिवस बरा नाही. परवा गुरुवार आहे, परवा टाकू. हेच टाकू, पन परवा." आणि त्यांनी स्वतः, हळूच, लॅपटॉप मिटला.

शालूनं पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मी प्याले. थंड पाणी घशातून उतरताना मला आत कुठंतरी सैल वाटलं. थांबली होती ऑर्डर. मला हवं होतं ते झालं होतं. परवापर्यंत पुष्कळ काही करता येईल, सौमित्रांकडून लिहून घेता येईल, सोहमला बेंचवर बसवता येईल. आता फक्त मान खाली घालून बसायचं, व्रतभंग झालेली बाई बसते तशी. सगळे मला माफ करायला किती उत्सुक होते. आणि परवा कुणी विचारलं, त्या दिवशी ऑर्डर का थांबली होती, तर खुशालभाऊ सांगतील, दिवस बरा नव्हता. आणि मी काहीच म्हटलेलं नसेल. आणि गुरुवार चांगलाच असतो.

"दिवस बरा आहे, भाऊ," मी म्हणाले. "चिप बरी नाही."

"काय म्हनता?"

कॉम्प्रेसर. खुशालभाऊ कानामागं हात नेत होते. माझ्या तोंडात नेहमीचं वाक्य आलेलं होतं, राहू द्या, काही नाही. ते मी आलेलंच गिळलं, पाण्यासारखं.

"शालू, तो कॉम्प्रेसर बंद कर."

ती गेली. धडधड एकदम तुटली, आणि शेडमधल्या बाया माना वर करून खोलीकडे बघायला लागल्या, काय झालं म्हणून. इतकी शांतता मी तिथं कधी ऐकली नव्हती. मी त्यांनी सरकवलेल्या खुर्चीवर बसले, कारण उभं राहून मला ते सांगता आलं नसतं.

"दालमिलमध्ये लाइन जाते," मी म्हणाले. "पट्ट्यात पोतं अडकलेलं असतं. संघपाल हात घालतो. तेवढ्यात लाइन येते."

शालू दारात परत आली होती. ती आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. या वेळी तिनं हातानं काही विचारलं नाही.

"कोणता संघपाल?" खुशालभाऊंनी विचारलं, आणि विचारताच त्यांचं त्यांना कळलं, त्यांनी दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. सोहमनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तू नंतर," मी त्याला म्हणाले. "आधी मी."

खुशालभाऊ खाली बसले. घड्याळाकडे एकदा बघितलंच त्यांनी, सवयीनं. मग दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून ते पुढं झुकले, लहान आवाज ऐकायला माणूस झुकतो तसे.

"हं. लाइन येते," ते म्हणाले. "मंग?"